हिरव्या डब्याची बदनामी

येलहंका, बेंगळूरू
मंगळवार सकाळ

तीर्थरूप येसाजीमामांच्या सेवेशी,

भाचा अनिलकुमार याचा वाकून नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षात हल्ली फारसं वाकता येत नाही, म्हणून कागदावर जरा जास्त वाकलो आहे. यावेळी तसं कारणही आहे.) आपला गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा आपण बांधता, की मागच्या वेळेसारखा तो मामींनी पेरूच्या झाडाला आधार म्हणून बांधलाय? बेळगावात आता थंडी सुरू झाली असेल. आमच्याकडे सकाळी थोडं धुकं असतं आणि नऊ वाजले की हवाई दलाची विमानं डोक्यावरून जायला लागतात. कौशल्या बरी आहे, आपल्याला नमस्कार सांगते. मी बरा नाही, पण हा आजार डॉक्टरला दाखवण्यातला नव्हे.

फोन न करता पत्र का, असं आपल्या मनात येईल. फोनवर आपल्याला ऐकू जावं म्हणून मला गच्चीत उभं राहून ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. परवा नुसतं 'मामा, रविवारी सत्कार आहे' एवढं ओरडलो, तर समोरच्या घरातून दोघंजण पेढे मागायला आले. त्यांना पेढे द्यावे लागले. ते खाताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

तर त्या सत्काराबद्दलच लिहितो आहे. आमच्या रायफल क्लबाची छापील पत्रिका आपल्याला मिळाली असेल. त्यात प्रमुख पाहुणे म्हणून आपलं नाव आहे, 'पलटणीच्या शस्त्रागारात तीस वर्षं सेवा' असंही खाली छापलं आहे, आणि सत्कारमूर्ती म्हणून माझं नाव आपल्याही नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहे. मामा, कृपा करून आपण येऊ नये. रात्रभर बसमध्ये बसून आपला गुडघा आखडेल. इथले रस्ते सगळे खणून ठेवलेत. क्लबातली खुर्ची प्लॅस्टिकची आहे आणि तिचा एक पाय आखूड आहे. जेवणात बिसिबेळे भात असतो आणि भाषणं संपेपर्यंत तो थिजून जातो. (ही सगळी कारणं खरी आहेत, पण आपण न येण्याचं कारण यातलं एकही नाही. ते सांगायला मला तीन-चार पानं लागतील. जरा धीर धरा.)

आमच्या क्लबात दोन वर्षं एक वाद चालला होता. आम्ही पॉइंट टू टूची रायफल वापरतो, तिच्यात चालणारी काडतुसं दोन प्रकारची येतात. एक हिरव्या डब्यातली, एक निळ्या डब्यातली. माप एकच, गोळीचं वजन एकच, वेगातही म्हणण्यासारखा फरक नाही. हिरवी पुठ्ठ्याच्या साध्या डब्यात येतात आणि हाताला मेणचट लागतात. निळी प्लॅस्टिकच्या खाचांत एकेक उभी असतात आणि महागही आहेत. आमचे नवे सेक्रेटरी यशोवर्धन (पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी आलेले, मराठी बोलतात, पण मधल्या मधल्या शब्दांपुरतंच) निळ्याच्या बाजूचे. 'ऑब्व्हियसली ब्लू इज सुपीरियर, काका, पण आपल्याकडे डेटाच नाहीये,' असं ते दर सभेत म्हणायचे. हिरव्याच्या बाजूनं आमचे स्टोअर सांभाळणारे नरसिंगराव. त्यांच्याकडेही डेटा नव्हता. सव्वीस वर्षं काडतुसं त्यांच्या हातून जातात, तेव्हा ती बरी की वाईट हे त्यांना कळतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

नरसिंगरावांबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत. शिवाजीनगरात त्यांच्या वडिलांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं. आपल्यासारखंच जुनं इथलं मराठी घराणं, बोलताना निम्मं कन्नड. काडतुसांचं कपाट दमट होऊ नये म्हणून ते त्यात चाळीस वॅटचा बल्ब बारा महिने पेटता ठेवतात, आणि तो जाईल म्हणून दुसरा बल्ब सदऱ्याच्या खिशात बाळगतात. डबा आला की त्यावर पेन्सिलनं तारीख घालतात, महिन्यातून एकदा सगळे डबे काढून खालचे वर करतात. बायको गेली, मुलगी रक्षिता मैसूरला दिलेली. माणूस सकाळी आठला क्लबात येतो आणि कुलूप लावूनच घरी जातो. त्या किल्ल्यांच्या जुडग्याखेरीज त्यांना दुसरं काही आहे असं मला तरी दिसलेलं नाही.

आता या वादात मी कसा शिरलो? मामा, माझा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. चौतीस वर्षं वजन-मापे खात्यात काढली. शेरभर कांद्यात छटाकभराची चोरी पकडणारा माणूस मी, निवृत्तीनंतर माझं व्हर्नियर कपाटात पडून राहिलं होतं. 'डेटा नाही' हे शब्द ऐकले आणि माझ्या अंगात संचारलं. सभेत उठून मी सांगितलं की वाद घालणारे सगळे अडाणी आहेत, मोजल्याशिवाय बोलू नये, आणि मी मोजून दाखवतो. (अडाणी हा शब्द मी नरसिंगरावांकडे बघून म्हटला होता. हे मला आता आठवतं.) माझ्या लायसनवर दोन हिरवे डबे आणि दोन निळे डबे मी घरी घेऊन गेलो, रायफल माझी, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी परीक्षा ठरली.

परीक्षा कशी घेतली ते आपल्याला सांगायला अजूनही हात शिवशिवतात, लाज असली तरी. पन्नास मीटरवर कागद. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, म्हणजे माझ्या हाताचा दोष मध्ये येऊ नये. पाच गोळ्यांचा एक गट, असे निळ्याचे दहा गट आणि मग हिरव्याचे दहा. प्रत्येक गटात सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजायचं. निळ्याची सरासरी आली सोळा पूर्णांक चार मिलिमीटर. पाची गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशा. आणि हिरव्याची? त्रेचाळीस पूर्णांक दोन. एक गोळी तर कागदाच्या कोपऱ्यात जाऊन बसली. यशोवर्धननं तिचा फोटो काढला.

मग मी अहवाल लिहिला. चौदा पानं, तीन प्रती. एवढ्यावर थांबायचं होतं, पण मला कारणही शोधायचं होतं. एकाच मापाची दोन काडतुसं, त्यात एक इतकं वाईट कसं? कारखान्यावर आळ घेण्याइतका पुरावा नव्हता. तेव्हा अकराव्या पानावर मी लिहिलं की हिरव्या काडतुसांची ही अवस्था 'साठवणुकीतील हलगर्जीपणामुळे' झालेली असावी. 'असावी' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, खात्यातली सवय. यशोवर्धननं इंग्रजी करताना तो गाळला.

सभेत नरसिंगरावांना विचारलं. मला वाटलं होतं भांडतील. ते उभे राहिले, अहवालातली आकड्यांची पानं उलटली, दशांश चिन्हापुढचे आकडे बघितले, आणि म्हणाले की एवढं मोजून लिहिलंय म्हणजे खरंच असेल, माझ्याच हातून कुठेतरी ओल लागली असेल. खाली बसले. बल्बबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कमिटीनं ठरवलं की वार्षिक सभेच्या दिवशी त्यांनी किल्ल्या द्याव्यात आणि त्याच दिवशी माझा सत्कार व्हावा. म्हणजे येत्या रविवारी. शाल आणि मैसूर पेठा, म्हणजे इकडची जरीची पगडी. पेठ्यासाठी माझ्या डोक्याचं माप घेऊन गेलेत.

आता मधली एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली.

परीक्षेच्या आधी दसरा झाला, आणि खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रपूजा असते हे मी आपल्याला काय सांगावं. इथं तर बसपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. आमच्या घरी देवापुढे पाट मांडला गेला. त्यावर पणजोबांची तलवार, माझी रायफल, व्हर्नियर, कौशल्याचं शिवणयंत्र. काडतुसंही मांडली गेली. निळे डबे बंदच ठेवले, कारण ते दिसायलाच छान. हिरवी मात्र डब्यातून काढून तबकात ओतली गेली आणि तबकाला मेणाचे डाग पडले. देवापुढे अशी मळकट वस्तू कशी ठेवायची, असा विचार घरात झाला. समया जिनं घासतात ती विभूती हाताशीच होती, जुन्या धोतराचं फडकं होतं. तेव्हा ती काडतुसं विभूतीनं घासली गेली. चांगली लख्ख घासली गेली. शंभरच्या शंभर.

'घासली गेली' असं मी लिहिलं आहे. वाचून आपल्याला वाटेल की कौशल्यानं घासली. तसं वाटावं म्हणूनच मी तसं लिहिलं. पण ती त्या दिवशी सकाळी जयनगरला माहेरी गेली होती. मीच घासली. पाटासमोर मांडी घालून, एकेक करून, पितळ आणि शिसं दोन्ही, तासभर. घासताना स्तोत्रही म्हणत होतो.

मामा, आता आपण कपाळाला हात लावला असणार. गोळीवरचं मेण हे मळ नसतं, ते नळीतून गोळी सुरळीत जावी म्हणून मुद्दाम दिलेलं असतं, ते पुसलं की नळीत शिसं खरवडून बसतं आणि गोळी वाटेल तिकडे जाते, हे मला कोणी शिकवलं? आपणच. मी अकरा वर्षांचा असताना, बेळगावच्या परसात. आणि मी साठी उलटल्यावर ते विसरलो, तेही देवापुढे बसून. वजन-मापे खात्यात दुकानदार तराजूच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवायचे, त्यांना मी दंड करत होतो. माझ्या पारड्याखालचा गोळा मला दिसला नाही.

हे कधी कळलं, तेही सांगतो, कारण त्यात आणखी लाज आहे. गेल्या शनिवारी यशोवर्धनना सभेत लावण्यासाठी हिरव्याचा एक वाईट कागद चौकटीत हवा होता. आधीचे कागद अहवालाला टाचलेले. 'काका, एक मस्त बॅड टार्गेट द्या,' म्हणाले. मी नरसिंगरावांकडून हिरव्याचा नवा डबा घेतला (त्यांनी मुकाट्यानं काढून दिला, वर तारीख बघून दिला) आणि पाच गोळ्या झाडल्या. पाची नाण्याखाली. म्हटलं, योगायोग. आणखी पाच. पुन्हा तेच. मग मला राग यायला लागला. वाईट कागद हवा होता आणि ती काडतुसं काही केल्या वाईट जाईनात. चाळीस गोळ्या झाडल्या. सरासरी सोळा पूर्णांक सात. निळ्यात आणि हिरव्यात सगळा फरक एका मिलिमीटरच्या तीन-दशांशाचा, म्हणजे काहीच नाही. शेवटी बोटाला चिकटलेलं मेण बघितलं, आणि घरी उरलेली पन्नास चकचकीत काडतुसं डोळ्यांपुढे आली.

यशोवर्धनना सांगितलं की कंबर दुखते, वाईट कागद नंतर देतो. स्टोअरमध्ये उरलेली दहा काडतुसं परत करताना नरसिंगरावांनी विचारलं, कशी गेली? मी म्हणालो, 'ठीक.' एवढाच शब्द. त्यांच्या तोंडावर सांगायची संधी होती, समोर तो बल्ब पेटलेला होता, आणि मी 'ठीक' म्हणून घरी आलो. तेव्हापासून जेवण जात नाही. कौशल्या विचारते काय झालं, तर तिलाही कंबर सांगितली. ती रोज तेल गरम करून चोळते. त्याचीही लाज वाटते, कारण कंबर या दिवसांत एकदाही दुखली नाही.

एका माणसाची सव्वीस वर्षं मी चिमूटभर विभूतीनं पुसली, आणि त्यासाठी मला पेठा बांधणार आहेत. आता आपल्याला कळलं असेल की आपण का येऊ नये. आपल्यासमोर तो पेठा डोक्यावर घेऊन मला बसवणार नाही.

मामींना नमस्कार. पेरूच्या झाडाला आशीर्वाद.

आपला, मान खाली घातलेला भाचा,
अनिलकुमार

ता. क. १ (त्याच दिवशी दुपारी) : पत्र पुन्हा वाचलं. आपण यावंच असं आता वाटतं, पण वेगळ्या कामासाठी. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात आपण सहज बोलता बोलता सांगावं, की बेंगळूरच्या हवेत काही काडतुसं अधूनमधून रुसतात, पलटणीतही असं व्हायचं, त्यात स्टोअरवाल्याचा दोष नसतो. आपल्या शब्दाला वजन आहे. नरसिंगरावांच्या किल्ल्या राहतील आणि अहवालालाही धक्का लागणार नाही. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच होतं, ते वरच्या मजकुरात कुठे मावलं नाही.

ता. क. २ (त्याच दिवशी संध्याकाळी) : किंवा असं म्हणा, की विभूतीनं काडतुसं घासणं ही माझ्या आजोळची जुनी चाल आहे आणि मला ती आपणच शिकवली. आपलं वय बघता कोणी काही बोलणार नाही. (हे वाक्य खोडणार होतो. खोडत नाही. मी कुठवर घसरलो ते आपल्याला कळू दे.)

ता. क. ३ (बुधवारी सकाळी, पत्र अजून पाठवलेलं नाही) : मामा, आत्ता नरसिंगराव घरी येऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरी आले. दारात चप्पल काढून उभे राहिले आणि म्हणाले, 'अण्णा, स्वल्प काम होतं.' मी त्यांना आत बसवलं, कौशल्यानं कॉफी आणली. त्यांनी खिशातून कोरा कागद काढला, नीट घडी घातलेला. रविवारी किल्ल्या देताना सोबत पत्र द्यावं लागतं, त्यांना कागदोपत्री लिहायला जमत नाही, आणि क्लबात सगळ्यांत चांगलं लिहिणारा माणूस मी. तेव्हा हलगर्जीपणा झाला, माफी असावी, असं चार ओळींत मी लिहून द्यावं. सही तेवढी ते करतील.

मी पेन उघडलं. वर तारीख घातली. 'मा. सेक्रेटरी' लिहिलं. पुढे 'माझ्या हातून' एवढं लिहिलं आणि पेन चालेना. कौशल्या कॉफीचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. मग मी सांगितलं. विभूती, धोतर, तबक, शनिवारचे सोळा पूर्णांक सात, सगळं. एकदम बोललो आणि फार भराभरा, मध्येच खोकला आला. आत जाऊन उरलेली पन्नास काडतुसं आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी एक उचललं, अंगठा फिरवला, नाकाशी नेलं. मी म्हटलं, रागवा, काहीतरी बोला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, हातातल्या काडतुसाकडे बघत होते.

'म्हणजे ओल लागलीच नव्हती,' ते म्हणाले. 'दहा रात्री उठून उठून विचार केला अण्णा, कुठल्या बाजूनं ओल आली असेल.'

मग त्यांनी कॉफी संपवली. तो कागद माझ्याकडे सरकवला, 'माझ्या हातून' या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, 'सरी, ठीक आहे. इथपर्यंत बरोबर लिहिलंय. पुढचं तुमच्या नावानं लिहा.'

त्यांच्यासमोरच लिहिलं. आठ ओळी, तीन प्रती, 'असावी' हा शब्द एकदाही नाही. ते थांबले, वाचून घेतलं, एक प्रत खिशात घातली आणि स्टोअर उघडायची वेळ झाली म्हणून गेले. तेलाची वाटी कौशल्यानं फडताळात ठेवून दिली आहे.

ता. क. ४ : दुसरी प्रत यशोवर्धनना देऊन आलो. ते म्हणाले, 'काका, हे सभेत तुम्हीच वाचायचं,' आणि यावेळी एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. तेव्हा रविवारी शाल नाही, पेठा नाही, सगळ्या क्लबासमोर उभं राहून त्या आठ ओळी वाचायच्या आहेत, आणि नरसिंगराव पहिल्या रांगेत बसणार आहेत. मामा, वर मी जे जे लिहिलं ते विसरून जा आणि या. भाषण करू नका, माझी बाजू घेऊ नका. हे पत्र आज रात्रीच्या बेळगावच्या बसनं पाठवतो, शनिवारच्या बसनं आपण निघा, पट्टा बांधून. वाचून झाल्यावर मला कुठेतरी जाऊन बसावं लागेल, आणि तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी हवं आहे.